ओंकारबाबू आणि चाळीस बायका

नवघरच्या महिपतरावांचा मंडप-खुर्च्यांचा धंदा होता आणि ओंकारबाबू सहाय म्हणजे त्यांचं दैवत. बाबू दिल्लीत मंत्री होते, तोंडाचे महाफटकळ. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात ते टीव्हीवर बोलून गेले, की शहरात राहायचं तर लोकांनी पाणी कमी प्यायला शिकावं. अर्ध्या देशाने टाळ्या वाजवल्या, अर्ध्याने पुतळे जाळले. नवघरात नळाला दिवसाआड पाणी. महिपतरावांची बायको गिरिजा अशी भडकली, की नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही.

पुढच्या वर्षी बाबू निवडणुकीत आपटले. पाठोपाठ कुठल्याशा कंत्राटाची चौकशी लागली. कालपर्यंत त्यांच्या गाडीमागे धावणारे त्यांचं नाव निघालं की विषय बदलू लागले. महिपतराव मात्र हलले नाहीत. दोन हजार पाचच्या डिसेंबरात नवघरच्या मैदानात बाबूंची सभा ठरली, तेव्हा त्यांनी हौसेने पाचशे खुर्च्या मांडल्या. साडेचार वाजले. माणसं आली अकरा, त्यात दोन पोलीस.

बाबूंची गाडी जवळच्याच काशिमीऱ्याला पोचल्याचा फोन आला आणि महिपतराव धावत घरी गेले.

"गिरिजा, चल गं. आज माझी लाज राख."

"मी टाळ्या वाजवणार नाही."

"नको वाजवूस. नुसती येऊन बस."

"येते. पण एकटी नाही."

पंधरा मिनिटांत ती मैदानात हजर झाली. मागे चाळीस बायका, प्रत्येकीच्या कमरेवर रिकामा हंडा. उत्तनहून मासळी विकायला आलेली टेरेझाही टोपली खाली ठेवून पहिल्याच रांगेत बसली.

बाबूंनी नुकतं कुठे "बहनों" म्हटलं, तोच टेरेझा उभी राहिली. "आमी पानी किती प्यायचा ते सांगनारा तू कोन? तुज्या घरी नळ कोरडा हाय काय?"

बाबूंना मराठी कळत नव्हतं, त्यांनी अर्थासाठी महिपतरावांकडे पाहिलं. महिपतराव म्हणाले, "साहब, ये आपकी तबीयत पूछ रही हैं."

मैदानात हशा पिकला. बाबूही हसले. "इतने गुस्से में तबीयत कौन पूछता है? सच बताइए."

महिपतरावांनी डोळे मिटून सगळं खरं सांगून टाकलं.

बाबूंनी माईक ठेवला, स्टेजवरून उतरले आणि खुर्ची ओढून बायकांसमोर बसले. महिपतरावांच्या भाषांतरावर दीड तास कडाक्याचं भांडण झालं. बाबू आधी चिडले, मग हुज्जत घालू लागले, मग ऐकत राहिले. शेवटी हात जोडून म्हणाले, "मुझसे गलती हुई. माफ़ कर दीजिए."

हे मात्र टेरेझाला भाषांतराशिवाय कळलं. गिरिजाने सगळ्यांना चहा पाजला. एकही पत्रकार तिथे फिरकला नव्हता.

दोन हजार नऊला वारं फिरलं. बाबू भरघोस मतांनी निवडून आले, पुन्हा मंत्री झाले. सकाळी महिपतराव ऐटीत पेपर वाचून दाखवत होते, "ऐक, 'आयुष्यात कधीही कोणाची माफी न मागणारा पोलादी नेता'..."

गिरिजाला असा ठसका लागला, की कपातला चहा पेपरावर सांडला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पेपरवाल्यांना पत्र लिहू का? सगळं खरं कळवतो," महिपतराव म्हणाले.

"राहू द्या हो," गिरिजा म्हणाली, "आत्ता कुठे बिचाऱ्याचं बरं चाललंय."