वाकडी खिडकी

मी एक जुनी वाकडी खिडकी आहे. मित्रांनो, हसू नका. मी मोडून वाकडी झालेली नाही, मला मुद्दामच वाकडं बांधलंय.

आमचा मठ दगडी. मध्ये चौकोनी अंगण, चारी बाजूंनी कमानींची ओवरी, आणि ओवरीला लागून बारा घरं. प्रत्येक घरात एकच संन्यासी. खाली काम करायची खोली, वर निजायची, मागे उंच भिंतीआड चिमूटभर बाग. दाराशेजारच्या जाड भिंतीत छातीइतक्या उंचीवर मी. माणसाचा हात कोपरात वाकतो ना, तशी मी आतल्या आत वळते. बाहेरून आचाऱ्यानं ताट सरकवायचं, आतून संन्याशानं ओढून घ्यायचं, पण दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही. बोलायचं तर नाहीच. बोलायची मुभा महिन्यातून एक दिवस.

मला बांधून झाल्यावर गवंड्यानं आपल्या मेव्हण्याला पलीकडे उभं केलं आणि ओरडला, "काय रे, दिसतो का मी?"

"नाही दाजी! फार बरं वाटलं!"

अशी माझी परीक्षा झाली आणि मी पहिल्या नंबरानं पास झाले. पुढं मठात येणारा प्रत्येक पाहुणा मला बघून मान डोलवायचा. मीही फुगून जायचे. इतकं कौतुक झाल्यावर दगडसुद्धा फुगतो, मित्रांनो.

माझ्या घरात शेवटी राहिले ते सुतारबाबा. दिवसभर तिपाया करायचे. एकही तिपाई सरळ उभी राहायची नाही, पण माणूस कमालीचा आज्ञाधारक. एका सकाळी वरच्या खोलीतून तिपाई घेऊन उतरताना त्यांचा पाय घसरला. तिपाई धड राहिली, बाबांची मांडी मोडली. जिन्याच्या पायथ्याशी पडले ते त्यांना हलताच येईना. माझं आतलं तोंड त्यांच्यापासून दोन हातांवर होतं. पण ते छातीच्या उंचीवर, आणि बाबा जमिनीवर.

ओरडायचं ना! पण नाही. मौन मोडेल. म्हणून ते पडल्या पडल्या हाताशी आलेल्या लाकडी हातोडीनं भिंत ठोकू लागले. ठक्, ठक्, ठक्.

दुपारी ताट आलं. बागेच्या भिंतीवरून मठाचं मांजर आलं, माझ्या वळणात बसलं आणि ताट लख्ख करून गेलं. आचाऱ्यानं रिकामं ताट नेलं. झालं! बाबा जेवले.

भांडी घासायला आचाऱ्याची थोरली बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणायचे. ओवरीत मौन होतं, पण आक्काला कोण गप्प करणार? दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच तिनं भावाला धरलं.

"अरे, हे ताट बघ. बोटाची एक रेघ नाही. चाटलंय कुणीतरी."

"बाबांनीच चाटलं असेल. म्हातारपणी जीभ सुटते."

"तुझी सुटलीय ती! जाऊन विचार की."

"विचारायचं नसतं, आक्का. थोरल्यांना सांगतो."

थोरले म्हणजे मठाचे प्रमुख. त्यांच्याकडे शेजारच्या संन्याशाची तक्रार आधीच पोचली होती, की सुतारबाबा फार ठोकाठोकी करतात, ध्यान लागत नाही. थोरल्यांनी दोन्ही गोष्टींवर विचार केला आणि तिसऱ्या दिवशी ताटाबरोबर चिठ्ठी पाठवली. मांजरानं ताट ओढलं, चिठ्ठी तरंगत बाबांपुढं पडली. मी वरून वाचली. "ठोकणं बंद करावं. भूक आवरावी."

बाबांच्या पोटात तीन दिवसांत अन्नाचा कण नव्हता.

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग हातोडी खाली ठेवली.

मित्रांनो, मला एकटीलाच दोन्ही बाजू दिसत होत्या. आत बाबा, बाहेर आचारी. ओवरीत शांतता पसरली, तेव्हा शेजारचा संन्यासी सुखावलेलाही मला कळला. पण खिडकीला वळण असतं, वाचा नसते.

चौथ्या दिवशी आक्काला ताटाला चिकटलेला मांजराचा केस सापडला. ती तरातरा आली आणि तिनं थेट खांद्यापर्यंत हात माझ्यात घातला. आतून मांजर फिस्कारलं. आक्कानं बोचकारलेला हात बाहेर ओढला, तेव्हा तिच्या बांगडीचा ओरखडा माझ्या वळणावर उमटला.

"बाबा! अहो बाबा, ओ द्या!"

गवंड्यानंतर माझ्यातून गेलेली ही पहिली हाक. आतून ओ आली नाही.

थोरले धावत आले. "बाई, शांत व्हा. आधी सभा बोलावू. दार उघडावं की नाही, ते ठरवू."

"तुम्ही ठरवत बसा," आक्का म्हणाली, आणि तिनं दाराला लाथ घातली.

दाराला आतून कडीच नव्हती. नुसतं लोटलेलं होतं. चार दिवस.

बाबा गार झाले होते. चिठ्ठी तळहाताखाली होती. हातोडी भिंतीशी नीट ठेवलेली.

सभा मग झालीच. लांबलचक झाली. ठराव एकमतानं पास झाला, की मांजराला मठातून काढून टाकावं.

आता मठात कुणी राहत नाही. तिकीट काढून लोक येतात. मागच्या वर्षी एका गृहस्थाचं डोकं माझ्यात अडकलं आणि त्याची बायको आधी फोटो काढत बसली. वाटाड्या माझं वळण दाखवतो आणि आक्काच्या ओरखड्यावर बोट ठेवून सांगतो, "ही गवंड्याची खूण." लोक माना डोलवतात. मी आता फुगत नाही.

मित्रांनो, तुमच्याही शेजारी एखादं लोटलेलं दार असेल. तिथून रिकामं ताट आलं, म्हणजे माणूस जेवला असं समजू नका. ठोकण्याचा त्रास झाला तर चिठ्ठी पाठवू नका, उठून जा. आणि ठोकणं थांबलं, तर पळत जा.