गोजरबाईच्या ओसरीवरचं प्रस्थान

उंद्रीचे वामनराव म्हणजे बेत करण्यात एक नंबर. बेत तडीस नेण्याचं मात्र विचारू नका. बायकोला, सत्यभामाबाईंना, माहेरी न्यायचं, एवढी साधी गोष्ट. पण माहेर होतं तिसऱ्याच मुलखात. म्हणजे इकडे आपलं वऱ्हाड, देऊळगाव राजा सोडलं की निजामाची मोगलाई, आणि पैठणला गोदावरी उतरून थोडं पुढे गेलं की मुंबई इलाखा. तिथे शेवगावजवळच्या एका खेड्यात सासूबाई मनकर्णाबाई एकट्या राहत. देऊळगावच्या बालाजीच्या यात्रेत कोण्या पुण्यवंतांनी ही सोयरीक जुळवली होती. जुळवणारे मोकळे झाले, आणि आठ दिवसांची बैलगाडीची वाट वामनरावांच्या गळ्यात पडली.

बेत कसा, तर बघण्यासारखा. ओसरीच्या जमिनीवर त्यांनी कोळशाने वाट काढली होती. पहिला मुक्काम चिखली. तिसरा देऊळगाव राजा, बालाजीची धर्मशाळा. मग जालना, मग पुढचं सगळं. विहीर कुठे, सावली कुठे, दूध कुठे मिळेल, सारं ठरलेलं. बैलांची सरकी वेगळी, दशम्यांचं गाठोडं वेगळं, पोरांच्या पोटासाठी सुंठ आणि ओव्याची डबी. मोगलाईच्या नाक्यावर नव्या कापडाची जकात घेतात म्हणे, म्हणून पोरांची नवी झबली दोनदा धुऊन जुनी करून ठेवलेली! सहा वर्षांची तानी त्या वाटेवर लंगडी घालून एका उडीत चिखलीहून जालन्याला पोचायची. सत्यभामाबाई ओसरी सारवायच्या तेव्हा वाटेला वळसा घालून सारवायच्या. तोंडाने काही बोलायच्या नाहीत.

बोलल्या त्या एकदाच, कार्ड आलं तेव्हा. तिकडच्या मास्तरांनी मनकर्णाबाईंच्या सांगण्यावरून लिहिलं होतं, "एक डोळा गेला. दुसऱ्याने अजून माणूस ओळखू येतं. आहे तोवर नातवंडं पाहू द्या." सत्यभामाबाईंनी ते थोरल्या शालिग्रामाकडून तीनदा वाचून घेतलं. सात वर्षांपूर्वी त्याला अंगावर पाजत असताना त्या माहेरी गेल्या होत्या, तेच शेवटचं.

"अहो, आता तरी चला," त्या म्हणाल्या.

"जाऊ ना. बेत तं तयारच आहे," वामनराव म्हणाले.

पण कार्तिकात कापूस वेचणीला आला. पौषात कोणी लेकराबाळांना घेऊन निघतं का? माघात ज्वारी उभी होती, फाल्गुनात होळी आडवी आली. शेवटी चैत्रातल्या एका बुधवारचा मुहूर्त निघाला, तर त्याच दिवशी दमणीचं, म्हणजे प्रवासाच्या हलक्या बैलगाडीचं, चाक कुरकुरायला लागलं. मुहूर्त तर वाया घालवायचा नाही, मग वामनरावांनी प्रस्थान ठेवलं.

प्रस्थान म्हणजे काय, तर आपलं निघणं जमत नसलं की मुहूर्तावर आपली एखादी वस्तू जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग पाच दिवसांत ती उचलायची आणि चालू लागायचं. मात्र एकदा ठेवलेलं प्रस्थान घरी परत आणलं, की तो प्रवास मोडला. वामनरावांनी आपल्या उपरण्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधलं आणि हे गाठोडं ते चिखलीच्या वाटेवरच्या शेवटच्या घरी, म्हाताऱ्या गोजरबाईकडे ठेवून आले. पोरांनी केवढा जल्लोष केला!

गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, तिकडे निघणं अशुभ, म्हणून तो दिवस गेला. शुक्रवारी लोहार आला नाही. शनिवारी सकाळी दीड वर्षाच्या कडूबाचं अंग किंचित कोमट लागलं. तानीच्या पाठची दोन लेकरं लागोपाठ गेली होती, म्हणून याला नजर लागू नये असं कडू नाव ठेवलेलं. वामनरावांनी चारदा त्याच्या कपाळाला हात लावला आणि जाहीर केलं, "आता ऊन बी वाढून राह्यलं. दिवाळीनंतर पाहू. तानी, जाय, गोजराकाकूकडून आपलं गाठोडं घेऊन ये."

सत्यभामाबाईंचा पिठातला हात थांबला. मग त्यांनी पुन्हा मळायला घेतलं.

तानी गेली ती गेलीच. घटकाभर वाट पाहून वामनराव स्वतः गेले. पाहतात तर काय, गोजरबाईच्या ओसरीवर पोरगी मांडी घालून बसलेली, मांडीवर गाठोडं.

"चाल घरी."

"मी नाही येत."

"काऊन?"

"प्रस्थान घरी आणलं का प्रवास मोडते. तुम्हीच तं सांगतलं. गाठोडं माह्यापाशी आहे, म्हणून आता मी बी प्रस्थान."

वामनरावांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी गोजरबाईकडे पाहिलं. ती पोरीच्या पुढ्यात गूळ-शेंगदाणे ठेवत होती.

"माह्याकडं काय पाह्यतं रे वामन?" ती म्हणाली. "ज्याची वस्तू त्यानं उचलावी अन् फुढं चालावं. मांगं नेणाऱ्याले मी काही देत नाही."

वामनराव तणतणत घरी आले. "तुमची लेक पाहा! कोणाचं आयकत नाही!"

सत्यभामाबाईंनी हात धुतले. कडूबाला कडेवर घेतलं, शालिग्रामाचं बोट धरलं आणि उंबरठा ओलांडला.

"अवं, तुम्ही कुठं निघाल्या?"

"जिथं तानी, तिथं. तुमचा बेत पुरा झाला का सांगा," त्या म्हणाल्या आणि गेल्या. आवाज चढवला नाही, की मागे पाहिलं नाही.

घर खायला उठलं. चूल पेटलेली, परातीत पीठ, आणि भाकर थापणारं कोणी नाही. वामनराव ओसरीवर येऊन कोळशाच्या त्या वाटेपाशी बसले. असा बेत साऱ्या तालुक्यात कोणी केला नसेल, आणि आता तो करायला घरात एकटे तेच उरले होते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दुपार कलायच्या आत ते गोजरबाईच्या दारात उभे राहिले.

"मले भेव वाटते," ते बायकोला म्हणाले, सगळ्यांदेखत. "दोन लेकरं गेली आपली. वैद्य दाराशी असताना गेली. हे वाटेत, कोण्या झाडाखाली तापलं तं मी काय करू? बेत करत बसलो का तुम्ही सारे घरात राह्यता. म्हणून बसतो."

सत्यभामाबाईंचे डोळे भरून आले. "मले नाही वाटत का भेव? पण घरात ठेवून ती दोघं राहिली का? अन् मायचा डोळा काही दिवाळीपर्यंत थांबणार नाही."

कडूबा दोन्ही मुठींनी गूळ चोखत होता. वामनरावांनी त्याच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. ते तसेच लोहाराकडे गेले, आणि तो चाक घेऊन उठेपर्यंत त्याच्या दारातून हलले नाहीत.

रविवारी उजाडता उजाडता दमणी निघाली. सुंठेची डबी घरीच राहिली. विहीर म्हणून ठरवलेली विहीर कोरडी निघाली, आणि दूध भलत्याच गावात मिळालं. मोगलाईच्या नाक्यावर शिपायाने विचारलं, "नवं काही आहे का?" तर शालिग्राम छाती काढून म्हणाला, "हाव, झबली नवी आहेत. बानं दोनदा धुतली!" शिपाई इतका हसला की त्याने गाडी तशीच सोडली. पैठणला बैल गुडघाभर पाण्यातून पार झाले. आठ दिवसांत कडूबाला एक दात आला. दुसरं काही झालं नाही.

गावाच्या शिवेवर वामनरावांनी पोरांची तोंडं धुतली, केसांना तेल लावलं. सासूबाईंच्या अंगणात गाडी थांबताच त्यांनी दोघांना दारापुढे उभं केलं आणि कडूबाला कडेवर घेतलं. म्हणजे म्हातारीला नीट दिसावं.

मनकर्णाबाई भिंत चाचपत बाहेर आल्या.

"हा शालिग्राम," वामनराव म्हणाले. "ही तानी. अन् हा..."

"हो रे बाळांनो, बघते हं, तुम्हाला बघते," असं म्हणत, एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हातारी पुढेच चालत राहिली. गाडीमागे सत्यभामाबाई गाठोडी उतरवत होत्या, तिथे पोचली. लेकीला दोन्ही खांद्यांना धरून तिने उन्हाकडे वळवलं आणि तो एक डोळा तिच्या तोंडाशी नेला. पुष्कळ वेळ ती नुसती बघत राहिली.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. "नातवंडांचं लिहिलं म्हणून तरी आणतील, असं वाटलं. नुसत्या लेकीला बघायला एवढ्या लांबून कोण गाडी जुंपतं?"

तानी आजीकडे धावली, तिचा हात वामनरावांनी धरला. तिन्ही पोरांना घेऊन ते लिंबाखाली जाऊन बसले.

"थांबा बे," ते म्हणाले. "आधी तुमच्या मायची बारी आहे."