सव्विसावं माणूस

कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात सरकारचा हुकूम असा होता की लग्न खुशाल करा, पण दोन तासांत उरका, आणि मांडवात पंचवीसच्या वर एक मुंडकं दिसायला नको. दिसलं तर पन्नास हजार दंड. दुकानं सकाळी सात ते अकरा, एसटी बंद, आठवडी बाजार बंद, आणि वरून हे. ज्या तांड्यात साध्या बारशाला दोनशे पत्रावळी उठतात, तिथं पंचवीस माणसं म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं! पण हुकूम तो हुकूम. फुलसावंगीपासून सात किलोमीटरवरच्या त्या तांड्यात देवीलाल राठोडनं तीन दिवस कागदपेन्सिल घेऊन बाजेवर ठाण मांडलं, आणि त्याची बायको बिजलीबाई येताजाता ते ध्यान बघत राहिली.

देवीलालचं सगळं आयुष्य कुणाला न दुखवण्यात गेलेलं. रस्त्यानं जाताना कुत्रं आडवं आलं तरी हा बाजूला होणार. त्याच्या एकुलत्या एका पोरीचं, उज्ज्वलाचं लग्न, आणि पाहुणे निवडायची पाळी त्याच्यावर! व्याह्याकडचे दहा ठरले, नवरदेव धरून. आपले पंधरा. त्यात नवरी, भटजी आणि फोटोवाला. उरले बारा. पहिलं नाव त्यानं स्वतःचं लिहिलं, पोरीचा बाप म्हणून. मग अकरा जागांसाठी जी ओढाताण सुरू झाली, ती काय सांगावी! तांड्याचे नायक सेवादास अन् त्यांची नायकण, ते तर आलेच. धावजी फुफा म्हणजे देवीलालच्या आत्याचे यजमान, आणि ती आत्या, फुफी. तांड्याचा कारभारी. मोठे मामा. रोज सकाळी कुणीतरी काठी टेकत यायचं आणि विचारायचं, "देवीलाल, माहं नाव हाय ना?" आणि हा लिहिलेलं खोडायचा, खोडलेलं लिहायचा.

"माह्या बहिनीचं नाव टाका ना एक," बिजलीबाई एकदा म्हणाली.

"जागा कुठं हाय? धावजीफुफाले वगळलं तं जलमभर बोलनार नाई तो."

"मंग नाई बोलला तं काय पाऊस थांबते का?"

देवीलालनं कागद घडी करून खिशात घातला. फुलसावंगीच्या सेवा केंद्रात जाऊन त्यानं यादी टाइप करून घेतली, तहसिलातून शिक्का आणला, आणि त्या रात्री चार दिवसांनी पोटभर जेवला.

लग्नाच्या दिवशी बरोब्बर दहाला तहसिलाची जीप आली. अव्वल कारकून नंदकिशोर साहेब, सोबत एक शिपाई. साहेब यवतमाळचे, सदऱ्याला इस्त्री, तोंडावर दोन मास्क. त्यांनी मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकली, घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि यादी वाचायला घेतली. एकेक नाव पुकारलं की एकेक माणूस पुढं यायचा, कपाळावर तापाची बंदूक लागायची, हातावर औषधाचे थेंब पडायचे, आणि मग आत. मानाची माणसं ती, सगळी साठीच्या पुढची. ज्यांनी घराबाहेर पडू नये असं सरकार रोज टीव्हीवर ओरडत होतं, नेमकी तीच.

बिजलीबाई पहाटेपासून मागच्या छपरीत चुलीपाशी होती. भात उतरवला, हात धुतले, नवं हिरवं लुगडं नेसली आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन मांडवाशी आली.  पोर जाणार. आज, आत्ता, दोन तासांत.

"नाव?" साहेबांनी विचारलं.

"बिजलीबाई देवीलाल राठोड. नवरीची माय."

साहेबांचं बोट यादीवरून खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं.

"आईचं नाव नाही यात."

"असं कसं नाई? पाहा ना नीट."

"बाई, तीनदा पाहिलं. पंचवीस आत गेलेत."

बिजलीबाईनं नवऱ्याकडं बघितलं. देवीलाल आधी हसला, मग त्याचं हसू तोंडावरच वाळलं.

"अरे बाप्पा! अवं... तुले कायले लिवाचं? तू तं घरचीच."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं. अकरा माणसांसाठी तीन दिवस जीव टांगणीला लावलेल्या त्या माणसाला बारावी बाई सुचलीच नव्हती. रागाच्या आधी बिजलीबाईला लाज वाटली, भरल्या मांडवासमोर ताट घेऊन उभं राहायची.

सेवादास नायक आतून म्हणाले, "साहेब, घरधनिनीले कोनी मोजत असते का?"

"नायक," नंदकिशोर साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज काही चढला नाही, उलट थकल्यासारखा झाला, "मागच्या पंधरवड्यात एका लग्नातून एकतीस जण पॉझिटिव्ह निघाले. चौघं गेले. तिथंही सगळे घरचेच होते. एक जण बाहेर या, बाई आत जातील. माझं काही म्हणणं नाही."

देवीलाल आत गेला. कूड बांबूचा, सगळं ऐकू येत होतं. आधी तो कारभाऱ्याकडं वळला, कारभारी म्हणाला गुडघे धरलेत, बसलो तो उठता येत नाही. मोठ्या मामांना एकाएकी कमी ऐकू यायला लागलं. धावजी फुफा तर उसळलेच.

"मी उठू? मांडवातून? अरे, मेल्यावर तोंड पाहाले येनार नाई तुह्यं!"

व्याही मान खाली घालून बसले होते. त्यांचे दहा ठरलेले, त्यांना काय बोलायचं? देवीलाल तसाच परत आला. साडेदहा होऊन गेले होते आणि मुहूर्त अकरा वीसचा.

"ऐक ना," तो बायकोला हळूच म्हणाला. "आता टाइम नाई. तू छपरीतून पाह्य. कूड फाटकाच हाय तसाही."

फाटका कूड! तीस वर्षं संसार करून बाईला मिळालं काय, तर पोरीचं लग्न बघायला कुडाचं भोक. बिजलीबाईच्या जिभेवर काय काय आलं होतं; पण आत घरात उज्ज्वला हळदीच्या अंगानं पाटावर बसलेली, घड्याळ चाललेलं. आपण तोंड उघडलं तर लग्न मोडेल, हे तिला कळत होतं. तिनं ताट देवीलालच्या हातात दिलं आणि मागं वळली.

छपरीत तिला बसवेना. भाताचं झाकण काढलं, ठेवलं. वरण ढवळलं, ढवळायचं काही नव्हतं तरी ढवळलं. पाणी घेतलं ते प्यायलं नाही. कुडाच्या भोकाला डोळा लावायचा नाही, असं तिनं ठरवलं आणि दोनदा लावला. दिसली ती धावजी फुफांची पाठ.

मग उज्ज्वलाचा आवाज आला.

बंजाऱ्याची नवरी जायच्या दिवशी एकेकीच्या गळ्यात पडून गात गात रडते. त्याला ढावलो म्हणतात. उज्ज्वला दोन वर्षं पुसदला शिकलेली पोर. महिनाभर आईची टर उडवत होती, "कायले रडू? व्हिडिओ कॉल हाय ना!" तरी बिजलीबाईनं चुलीपाशी बसवून तिला ढावलो शिकवलं होतं. आता ती मांडवात येऊन नायकणीसमोर, साहेबांनी सांगितलेल्या दोन हातांवर उभी राहून, मास्कमधून गात होती. नायकणीला गाऊन झालं, फुफीला झालं. मग तिनं मायेचं कडवं धरलं. माय, तुझी चिमणी चालली, आता सांजचं दार कुणासाठी उघडं ठेवशील, असं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, ती विचारत होती.

याचं उत्तर मायच देते. दुसऱ्या बाईनं द्यायचं नसतं. 

उज्ज्वलानं पुन्हा तेच विचारलं. आवाज मध्येच फाटला. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिला वाटत होतं, माय कुठंतरी मागं उभी असेल. तिसऱ्यांदा तिनं गाणं सोडून नुसतीच हाक मारली, "माय?"

बिजलीबाई उठली. लुगड्याला हात पुसले, छपरी ओलांडली आणि सरळ साहेबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"साहेब, यादीत पयलं नाव कोनाचं हाय?"

"देवीलाल रूपसिंग राठोड."

"थे खोडा. त्या जागी माहं लिवा."

साहेबांनी वर बघितलं. देवीलालनंही बघितलं. मग त्यानं वळून मांडवातल्या त्या अकरा जणांकडं बघितलं, ज्यांना दुखवू नये म्हणून तो तीन रात्री झोपला नव्हता. एकजण तरी म्हणेल, अरे पोरीच्या बापाला कसं काढता, मी जातो. नायक मांडवाचं छत न्याहाळत होते. फुफा मास्कची दोरी नीट करत होते.  बापाला बाहेर काढलं तर त्यांचा मान कुठं जात होता?

देवीलालनं हातातलं ताट बायकोला दिलं, चपला घातल्या आणि बाहेर पडला. साहेबांनी नावावर रेघ मारली, वर दुसरं लिहिलं, बाजूला सही केली. अकराला दहा कमी होते.

बिजलीबाईनं ताट खाली ठेवलं आणि दोन हात बिन हात काही न बघता पोरीला छातीशी धरलं. उत्तर दिलं. दार उघडंच ठेवीन, रोज ठेवीन. साहेब खुर्चीवरून अर्धे उठले, पुन्हा बसले. बिजलीबाईला वाटलं होतं, नवऱ्याला बाहेर काढून काळीज गार होईल. छे! ते तसंच जळत राहिलं. भटजींनी कन्यादानाला "मुलीचे वडील?" असं विचारलं, तेव्हा "मी हाय ना," म्हणत तिनंच पाण्याचा तांब्या उचलला.

बाराला पाच कमी असताना गाडी निघाली. रस्त्यावरच्या बाभळीखाली देवीलाल उभा होता. उज्ज्वला त्याच्या पाया पडली, तो काही बोलायला गेला तोवर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. नायक, फुफा, मामा जेवणाची पाकिटं घेऊन त्याच्या समोरून गेले. साहेबांची जीपही गेली.

दुपारी बिजलीबाई छपरीत भांडी आवरत होती. देवीलाल येऊन भिंतीला टेकून बसला. 

"कसं झालं?" त्यानं विचारलं.

तिनं पातेलं उचललं.

"कन्यादानाच्या वक्ती रडली का थे?"

कुडाच्या भोकातून पाहाचं होतं ना, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. आणि ते वाजवीच होते. पण त्यानं मान वर केली नव्हती, आणि डोळे कधीचे गळत होते ते त्यानं पुसलेही नव्हते. बिजलीबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसली.

मग तिनं पहिल्यापासून सांगितलं. पोरीनं मुंडावळ्या कशा दोनदा सारख्या केल्या, अंतरपाट धरला तेव्हा जावई कसा घामानं भिजला होता, हार घालताना दोघं कसे एकदम हसले, आणि बापाचं कडवं आलं तेव्हा ती रस्त्याच्या बाजूला तोंड करून कशी गायली. मांडवात आणखी कोण कोण होतं, ते तिनं सांगितलं नाही. देवीलालनंही विचारलं नाही.