पत्रक चुकत नाही

जिल्ह्याच्या कचेरीतून आलेलं पत्र वहिनींनी बेकरीत उभ्याउभ्याच फोडलं आणि मोठ्यानं वाचलं. मनातल्या मनात वाचणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. सभागृहाचा वापर अत्यल्प असल्याचं कचेरीच्या निदर्शनास आलं होतं. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला अधिकारी पाहणीला येणार होते. त्या दिवशीचा कार्यक्रम सुरू होताना आणि संपताना, दोन्ही मोजण्यांत निदान पंचवीस माणसं भरली नाहीत, तर सभागृहाला तिथल्या तिथे कुलूप लागणार होतं आणि आत कचेरीच्या जुन्या फायली ठेवल्या जाणार होत्या.

"फायली!" वहिनी म्हणाल्या. "माणसांना बसायला जागा नको, आणि कागदांना हवी!"

"खरं सांगू का वहिनी," बेकरीवाला म्हणाला, "गेल्या खेपेला कागदी फुलांच्या कार्यशाळेला चारच जण होते. त्यात एक तुम्ही."

"आणि एक तू. त्यातही तू फुलं कुठे केलीस, कोबी केलास." पत्राची घडी त्यांनी अशी काही घातली की बेकरीवाला काउंटरमागे दोन पावलं सरकला.

वहिनींचं वय साठ. एक बाजाररस्ता आणि आजूबाजूला विखुरलेल्या वस्त्या एवढंच ते गाव, आणि त्यात त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना वहिनीच म्हणत. सव्वीस वर्षं त्या दर महिन्याला एक पत्रक काढत होत्या: पुढच्या महिन्यात कुठे काय आहे, कोण काय शिकवणार, किती वाजता. सभागृहाच्या मागच्या खोलीत हातानं फिरवायचं छपाईचं एक जुनं यंत्र होतं. त्यावर निघालेलं पत्रक बेकरी, पोस्ट, दवाखाना आणि पेट्रोल पंप अशा चार ठिकाणी लागे.

पत्रकाचे दोन नियम होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. एक म्हणजे पत्रकावर ज्याचं नाव आलं त्यानं उभं राहायचंच. एकदा दवाखान्यातल्या सिस्टरनं अंगात ताप असताना भाजलेल्या जखमेवरची कार्यशाळा घेतली होती, आणि तिला बसायला खुर्ची दिली तर ती रागावली होती. दुसरा नियम वहिनींचा स्वतःचा. पत्रकात चूक दुरुस्ती छापायची नाही. "पत्रक चुकत नाही," त्या म्हणत, "वाचणारे चुकतात."

पुढच्या महिन्याच्या पत्रकात त्या दिवशी फक्त दोन ओळी होत्या. वहिनी घरी आल्या, चपला दारात भिरकावल्या आणि उरलेले सगळे रकाने एका बैठकीत भरून काढले. कुणाला विचारलं नाही की पुसलं नाही. न्हाव्याला कात्रीला धार लावणं शिकवायला लावलं, पोस्टमनला गाठी मारणं. पेट्रोल पंपावरचा म्हातारा दिवसभर शीळ घालत बसतो म्हणून त्याच्या नावावर शीळ.

त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानं डोळ्याला लावलेलं भिंग काढून यादी वाचली.

"अगं, यात माझंही नाव आहे."

"मग? घड्याळ उघडून परत बंद करून दाखवायचं."

"उघडणं कुणालाही जमतं. बंद करणं..." तो वाचता वाचता थांबला. "बारा तारखेला काय लिहिलंयस हे? सकाळी दहा, रफू? थोरल्या वहिनी?"

"मग दुसरं कशाला पंचवीस माणसं जमतील? शिळेला?"

"ती येईल?"

वहिनी उठल्या. कपाट उघडलं, बंद केलं आणि पुन्हा उघडलं.

थोरल्या म्हणजे त्यांच्या जाऊबाई, घड्याळजीच्या थोरल्या भावाची बायको. रफू हाच त्यांचा धंदा. हात असा की फाटलेलं कुठे होतं ते नंतर कपड्याच्या मालकालाही सापडू नये. मात्र तो हात त्यांनी कुणाला शिकवला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी एकदाच त्या शिकवायला तयार झाल्या. वेळ ठरली सकाळी दहाची. यंत्रावर छापायचा मजकूर ज्यावर कोरतात तो मेणकागद वाचवायची वहिनींना खोड होती. मागच्या महिन्याच्याच कागदावर नावांच्या ओळी खोडून नव्या घालायच्या आणि बाकीचं तसंच ठेवायचं. त्या काटकसरीत नाव बदललं आणि वेळ जुनीच राहिली, दुपारी चारची. थोरल्या दहा वाजता येऊन बसल्या. सुया, दोरे आणि पंधरा फाटके तुकडे टेबलावर मांडून, पंधरा रिकाम्या खुर्च्यांसमोर एक वाजेपर्यंत एकट्या बसून राहिल्या आणि मग घरी गेल्या. चार वाजता लोक आले तर दाराला कडी. दुसऱ्या दिवशी भर बेकरीत वहिनी म्हणाल्या, "दहा सांगितलं असतं तर दहाच छापलं असतं. पत्रक चुकत नाही."

आणि घरी येऊन वही उघडली तर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं, 'रफू, सकाळी १०'.

ती वही त्यांनी कपाटात चादरींच्या खाली सरकवली. तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं बंद. घरातल्या लग्नकार्यात "त्यांना सांगा" आणि "तिला विचारा" यावर अकरा वर्षं निघाली. वहिनींना आपली चूक ठाऊक होती, रोज ठाऊक होती, पण जीभ काही उचलत नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

या खेपेला मात्र त्यांनी मेणकागद नवा कोरा घेतला. सगळं झाल्यावर तळाशी चार बोटं जागा उरली, तिथे सव्वीस वर्षांत पहिल्यांदा 'चूक दुरुस्ती' असे शब्द उमटले. खाली एवढंच: अकरा वर्षांपूर्वीच्या रफू कार्यशाळेची खरी वेळ सकाळी दहा अशी होती. चूक कुणाची, ते लिहिलं नाही. तेवढं लिहितानाच त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

पत्रक लागलं आणि गावात बोंबाबोंब झाली. न्हावी एका गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून आला. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो!"

"म्हणूनच नाही विचारलं. पत्रकावर आलं ते आलं. जा, त्याच्या गालावरचा साबण वाळतोय."

न्हावी गेला. पहिल्या आठवड्यात त्यानं धार लावणं शिकवलंही. थोरल्यांकडून मात्र हो नाही की ना नाही.

बारा तारखेला कचेरीचा साहेब पावणेदहाला हजर. तरुण माणूस, अंगात कोट, हातात बॅग. बॅगेतून आधी फॉर्म निघाला, मग नवं कोरं, मुठीएवढं कुलूप. ते त्यानं सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवलं. दहा वाजेपर्यंत त्रेचाळीस माणसं आली. कुणाच्या हातात कोपरावर विरलेला स्वेटर, कुणाच्या उंदरानं कुरतडलेला पडदा, आणि बेकरीवाल्याची पँट नेमकी कुठे फाटली होती ते त्यानं घडीत लपवलं होतं.

थोरल्या आल्या नाहीत.

सव्वादहा झाले. साहेबानं घड्याळ पाहिलं. "कार्यक्रम सुरू झाल्याशिवाय मोजणी धरता येत नाही, बाई."

"धरू नका. बसा."

साडेदहाला वहिनी खिडकीशी गेल्या. रस्त्यापलीकडे, बेकरीच्या बाकावर थोरल्या बसल्या होत्या. मांडीवर सुयांची पिशवी, पाठ ताठ, नजर थेट सभागृहाच्या दारावर.

घड्याळजीही मागे येऊन उभा राहिला. "दहापासून बसलीय, मी पाहिलं. जा की, हाताला धरून आण."

वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नाही. ती एक वाजता येईल."

"एक का?"

"तेव्हा तीन तास बसली होती ना ती. आता मी बसायचं."

आणि त्या पहिल्या रांगेत खुर्ची ओढून खरोखरच बसल्या. साहेब म्हणाला, "असं कसं चालेल? लोकांना तुम्ही उगाच ताटकळत ठेवताय."

"तुम्ही इथे फायली ठेवणार होतात ना वर्षानुवर्षं? मग माणसं तीन तास बसली तर काय बिघडलं?" त्या मागे वळल्या. "ज्याला जायचं त्यानं जा. पण जाताना ते कुलूप स्वतःच्या हातानं दाराला लावून जा. मी लावणार नाही, आणि या साहेबालाही लावू देणार नाही."

कुणी उठलं नाही. बेकरीवाल्याच्या भट्टीत पाव होते, तो दोनदा उठायला गेला आणि दोन्ही वेळा न्हाव्यानं त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं. मग न्हाव्यानं कंटाळून कात्र्या गोळा केल्या आणि धार लावायला घेतल्या. पोस्टमननं साहेबाच्या बॅगेच्या तुटक्या पट्ट्याला गाठ मारून दिली. बाराच्या सुमाराला पाव करपल्याचा वास आला आणि बेकरीवाल्यानं नुसते डोळे मिटले. जेवणाच्या वेळेला माणसं कमी व्हायची, ती वाढायला लागली. पत्रकवाल्या वहिनी अकरा वर्षांचा हिशेब चुकता करत बसल्यात, हे पाहायला पेट्रोल पंपावरचा म्हातारासुद्धा पंप सोडून आला.

वहिनींना त्या तीन तासांत बरंच काही कळलं. रिकाम्या खुर्च्यांसमोर एकटं बसणं याहून किती वाईट असेल, हेही कळलं. त्यांच्याभोवती निदान माणसं होती.

एक वाजला. थोरल्या उठल्या, रस्ता ओलांडला, दारात चपला काढल्या. त्या सरळ वहिनींसमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि अकरा वर्षांत प्रथमच मध्ये कुणाला न घालता बोलल्या.

"मी किती वाजता सांगितलं होतं गं, धाकटे?"

"दहा," वहिनी पुटपुटल्या.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. आवाज बेकरीपर्यंत गेला. "दहा! जाऊबाईंनी दहाच सांगितलं होतं. माझ्या वहीत माझ्या अक्षरात दहा लिहिलंय, आणि ते पाहूनही मी अकरा वर्षं गप्प बसले. पत्रक चुकलं नव्हतं. मी चुकले."

थोरल्यांनी मान हलवली आणि पिशवी टेबलावर ठेवली. "बस आता. तुला सुईत दोरा ओवायला तरी येतो का, ते बघू."

साहेबानं घाईघाईनं माणसं मोजली. एकसष्ट. पुन्हा मोजली, तरी एकसष्टच. "संपताना परत मोजावी लागतील," तो म्हणाला.

"मोजा की. माझं शिकवणं संपायच्या आधी इथून कोण हलतंय ते मी पण बघते." थोरल्यांची नजर त्याच्या बाहीवर गेली. "कोट काढा."

"माझा?"

"कोपरावर फाटलाय. सगळ्यांना दाखवायला बरा आहे."

साहेबानं कोट काढला. थोरल्यांनी बाही टेबलावर पसरली, पण कापड सारखं सरकत होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, ते नवं कोरं कुलूप उचललं आणि बाहीच्या टोकावर ठेवलं. कापड जागच्या जागी बसलं.

बिनकोटाचा साहेब फॉर्म पुढे ओढून लिहायला लागला. "कार्यक्रम वेळेवर सुरू झाला का, असा रकाना आहे. इथे मला तीन तास उशीर असं लिहावं लागेल."

"तीन तास कसले?" थोरल्या सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "अकरा वर्षं लिहा."