उलटा वारा

या शहरात सायकलींचा थाट असा, की त्यांना वेगळा रस्ता, वेगळा सिग्नल आणि नदीवर वेगळा पूलसुद्धा. मोटारी बिचाऱ्या अंग चोरून जातात. त्या सायकलींच्या लोंढ्यात रोज सकाळी ही दोघं नवराबायको आपल्या जोडसायकलवर असायची. पुढे तो, मागे ती. सीटं दोन, पेडलच्या जोड्या दोन, साखळी मात्र एकच. ती जन्मापासून आंधळी. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालायची. तो शाळेतला निवृत्त शिपाई. तिला पोचवणं आणि आणणं, एवढंच काम उरलेला.

साखळी एक असली की नवऱ्याच्या पायांत किती जीव आहे, ते बायकोच्या पायांना कळतं. गेल्या हिवाळ्यातच तिला कळलं होतं, की त्याचे पाय नुसते फिरताहेत, जोर सगळा आपला आहे. त्याच्या आजारापुढे डॉक्टरांनी तर केव्हाच हात टेकले होते. पण बोलून दाखवलं की सायकल जाणार, सायकलबरोबर तिची नोकरी जाणार आणि तो खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहणार. तिने आपले मूग गिळले. चढावर धाप लागली की म्हणायची, आज वारा उलटा आहे. तोही म्हणायचा, हो ना, पिच्छाच सोडत नाही. जाताना उलटा वारा, येतानाही उलटाच वारा, असं त्या दोघांचं हवामान बरेच महिने चाललं होतं. माझे पाय धडधाकट आहेत, दोघांचं ओढीन, हा तिचा हिशेब.

आज पुलावर एकाएकी समोरून घंटी खणखणली, सायकल हेलकावली आणि कठड्याला घासून थांबली. मुलाला पुढे बसवून चाललेली एक बाई थोडक्यात वाचली होती. ती चिडली नाही. आजोबा, जपून, एवढंच म्हणून निघून गेली.

"अहो, वारा आला का जोराचा?" तिने विचारलं.

"वारा नव्हता. कधीच नव्हता," तो म्हणाला. "पायांचं तू भागवलंस, मला काय कळत नव्हतं? पण आता ब्रेक दाबला जात नाही गं. बोटंच ऐकत नाहीत."

तिने त्याच्या बगलेखालून हात पुढे घातले. त्याची बोटं थंडगार होती, ब्रेकवर नुसती टेकलेली. ब्रेक तिने सहज दाबला असता. पण कधी दाबायचा ते तो सांगेपर्यंत कुणाचं तरी पोर चाकाखाली आलं असतं.

मागचे लोक घंट्या वाजवत वळसा घालून जात होते.

"कुठे आहोत आपण?"

"पुलाच्या मधोमध. हॉस्पिटल जेवढं लांब, तेवढंच घर."

तरी दोघांपैकी कुणीच उतरलं नाही.