पिवळी पानं खुडणारी थोरली

बसा, दोन जावांची गोष्ट सांगतो. मनाला लागेल, पण ऐका.

घर एक आणि नोकरीही एकाच ठिकाणी. तिथं भाताच्या रोपांना खारं पाणी पाजायचं आणि कोण तगतंय ते बघायचं. थोरलीचा जन्म काचेच्या नळ्या हलवण्यात गेला. तिनं एक जनुक हुडकलं होतं. ते मिठाला मुळातच अडवून धरतं, वर पानात चढू देत नाही, असं तिचं म्हणणं.

मोठे साहेब म्हणाले, "दाखवा. एका ट्रेत धड रोपं, दुसऱ्यात ते जनुक मोडलेली. पाणी दोन्हींना सारखंच खारं. मोडलेल्यांची पानं जास्त पिवळी पडली तर तुमची नोकरी कायम. नाहीतर घरी बसा."

काचघर धाकटीच्या ताब्यात. थोरलीला ठाऊक फक्त घरच्या कुंड्या. दुसऱ्या ट्रेतली पानं पिवळी पडायला लागली, तशी ती मनातून हरखली. पण साहेबांसमोर असला अवतार नको, असंही तिला वाटलं.

"अगं, ही वाळकी पानं खुडू का? किती गबाळं दिसतंय."

धाकटी पाइप गुंडाळत होती. ती जरा थांबली.

"खुडा की ताई. तुमचा हात हलका आहे."

मग रोज थोरली खुडायची आणि धाकटी बादली भरून बाहेर ओतून यायची. वर म्हणायची, "किती मायेनं करता हो."

साहेब आले, वाकून पिवळी पानं मोजायला लागले. मोजायला होतं काय? दोन्ही ट्रे हिरवेगार.

"बाई, तुमच्या जनुकानं काय दिवे लावले?"

"पिवळी पानं मी काढली, साहेब. इथं तर एवढी होती."

"पुरावा काढून टाकला? कुणाला विचारलंत तरी?"

थोरलीनं जावेकडं बघितलं.

"मला नाही बाई विचारलं," धाकटी म्हणाली.

थोरली घरी बसली. धाकटीनं तसेच दोन ट्रे पुन्हा लावले, एका पानाला हात लावला नाही. मोडलेली रोपं पिवळी होऊन माना टाकून पडली. जनुक खरं ठरलं, धाकटीच्या नावावर. नोकरीही तिचीच कायम झाली.

त्या दिवशी जेवताना सगळ्यांसमोर ती म्हणाली, "तुमचंच बरोबर होतं ताई. पानं तेवढी ठेवायची होती." सासरे हसले. थोरलीचा नवराही हसला. थोरली वाढत राहिली.

त्या घरी कधी गेलात तर एवढं करा, धाकटीचं कौतुक थोरलीदेखत करू नका.