उद्याच्या गुन्ह्याची माफी

"मला हात लावेल असा पोलीस अजून जन्माला यायचाय!" गालाला साबण फासून सलूनच्या खुर्चीत बसलेला मेहुणा म्हणाला.

दोघे जन्माला येऊन दारातच उभे होते. अर्ध्या दाढीनिशी त्याची वरात कोठडीत गेली.

मेहुणा म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. त्याने बांधलेला पूल उद्घाटनाची फीत कापायच्या आधीच नदीत बसला होता. सिमेंटच्या पैशांतला अर्धा वाटा त्याने खाल्ला होता, अर्धा दाजींनी, म्हणजे खुद्द राष्ट्राध्यक्षांनी.

पण दाजी पडले घरचे. ताईने नुसते डोळे वटारले आणि माफीनाम्यावर सही झाली: 'आजवर केलेल्या सर्व गुन्ह्यांबद्दल.' मेहुण्याने बाहेर येऊन आधी उरलेली दाढी करून घेतली.

आठवडाभरात कोर्टाचं बोलावणं आलं. पुलाच्याच खटल्यात, साक्षीदार म्हणून.

"जातो, पण तोंड उघडणार नाही," तो वकिलाला म्हणाला.

"उघडावंच लागेल. शिक्षेची भीती असेल त्यालाच गप्प बसायचा हक्क. तुम्हाला माफी मिळाली, भीती संपली, हक्कही संपला."

"मग खोटं बोलतो!"

"तो नवा गुन्हा. तुमची माफी जुन्या गुन्ह्यांची."

मेहुण्याने हिशेब मांडला. खरं बोलावं तर दाजी जातात, खोटं बोलावं तर आपण. तो तडक दाजींकडे पळाला. दाजी चहा पीत होते.

"दाजी, उद्याच्या गुन्ह्याची माफी आजच देऊन टाका ना!"

"अरे शहाण्या, न केलेल्या गुन्ह्याची माफी कशी देणार? मला काही मर्यादा आहेत की नाही?"

"अहो, नाव कुणाचं घेणार आहे तो?" ताई आतून गरजली. "तुमचंच ना?"

दाजींचा चहा बशीत सांडला. "हे बघ," ते आवाज खाली आणून म्हणाले, "सकाळी बिनधास्त खोटं बोल. संध्याकाळी मी सही करतो. मग झालं?"

"झालं!" मेहुण्याचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी तो पिंजऱ्यात असा उभा राहिला, जणू सत्कारालाच आलाय. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "सिमेंटचे अर्धे पैसे तुम्ही घेतले. उरलेले कुणी घेतले?"

"माहीत नाही."

"नीट आठवा. खोटी साक्ष दिलीत तर आत जाल."

"खुशाल टाका की, मॅडम!" मेहुणा हसत म्हणाला. "खोटंच बोलतोय मी. पण संध्याकाळी सुटणार. कालच ठरलंय आमचं, चहा पिता पिता."

"कुणाशी ठरलंय?"

"दाजींशी! दुसरं कोण सही करणार?"

वकिलाने कपाळावर हात मारला. टंकलेखकाने मात्र सगळं टंकलं, हसत हसत. पोलीस आत नेत असताना मेहुणा त्या टंकलेखकालाच म्हणाला, "काळजी नको हो, रात्री जेवायला घरीच असेन."

दाजींनी शब्द पाळला, संध्याकाळी खरंच सही केली. पण कोर्टातली बातमी तोवर पोहोचल्यामुळे माफीनाम्यावर नाव त्यांनी स्वतःचं घातलं होतं. मेहुण्याच्या माफीनाम्यावर सही करायला वेळच मिळाला नाही, कारण तेवढ्यात संसदेने त्यांना पदावरून काढलं. स्वतःला माफ करता येत नाही म्हणून कोर्टाने तो कागदही रद्द केला.

कोठडीत खाट एकच होती. दाजी नात्याने मोठे, म्हणून मेहुणा जमिनीवर झोपला.